फाइल हातात हवी, असं मी म्हणत असे

उपग्रहाच्या प्रतिमा ज्याला वापरायच्या आहेत, त्याच्या स्वतःच्या डिस्कवर असल्या पाहिजेत, या मताची मी होते. नुसती होते असं नाही, चार लोकांत ते ठासून सांगत होते. लॉगिन करायचं, परवानगी मागायची, दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन बघायचं, ही कसली खुली माहिती? खुलं ते, जे उतरवून घेता येतं, पेन ड्राइव्हवर घालून शेजाऱ्याला देता येतं, नेट बंद पडलं तरी उघडतं. पहाडगंजातल्या आमच्या छोट्या संस्थेत नकाशाचं काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे इतक्यांदा ऐकवलं आहे, की त्यातले काहीजण आजही माझी नक्कल करून दाखवतात. ते मत आता माझं राहिलेलं नाही. कसं गेलं, आणि त्यातलं काय अजून जात नाही, ते सांगायचं आहे.

आधी ते आलं कुठून हे सांगायला हवं. आमचं मूळ गाव आटपाडी तालुक्यातलं. सांगली जिल्ह्याच्या या पावसाच्या छायेतल्या भागातून, विटा, खानापूर, आटपाडीकडून, गलाईच्या धंद्यासाठी माणसं देशभर गेली. जुने दागिने आटवायचे, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध सोन्याची लगड हातात द्यायची, हा तो धंदा. माझे वडील असेच दिल्लीला आले. दुकान करोलबागेत, घर पहाडगंजात. कारण आरामबागेत नूतन मराठी शाळा होती, बृहन्महाराष्ट्र भवन होतं, आणि आईला भाजी घेताना दोन शब्द मराठी बोलायला मिळत होते. वडिलांच्या दुकानात मूस, टाकणखार, तेजाब यांच्याइतकीच महत्त्वाची एक गोष्ट होती. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेआड न्यायची नाही. वजन त्याच्यासमोर, आटवणं त्याच्यासमोर, घट किती आली ते त्याच्यासमोर. "वस्तू हातातनं सुटली की संशय आला," असं ते म्हणायचे. मी त्याचा अर्थ एवढाच घेतला, की आपलं ते आपल्या हातात असावं.

पुढे भूगोल शिकले, मग सुदूर संवेदन. तेव्हा आपल्याकडे उपग्रहाची प्रतिमा मिळवणं म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेकडे (आजचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र) मागणी नोंदवणं, रक्कम भरणं, आणि पोस्टानं येणाऱ्या सीडीची वाट पाहणं. भारताचा पहिला कार्यरत सुदूर संवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी सुटला. त्याच्या वंशातल्या उपग्रहांची ती चित्रं. एकेक सीडी आम्ही विद्यार्थी नवरीच्या दागिन्यासारखी हाताळायचो. मग २००८ साली अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यानं १९७२ पासूनचा लॅन्डसॅट उपग्रहांच्या चित्रांचा सगळा साठा जगाला फुकट उघडून दिला. त्याआधी त्यातल्या एकेका दृश्याला शेकडो डॉलर पडत. माझ्यासारखीला तो निर्णय म्हणजे काय होता, हे आजच्या मुलांना सांगून कळत नाही.

घरी तेव्हा धड नेट नव्हतं. पहाडगंजच्या मेन बाजारात मात्र परदेशी पर्यटकांच्या कृपेनं दर चार दुकानांआड एक सायबर कॅफे. दिवसा तिथे इस्रायली आणि कोरियन मुलं घरी पत्रं लिहीत. रात्री दर उतरला की मी जायचे. धाकटा भाऊ सोबत. कॅफेवाला रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून घ्यायचा, ओळखपत्राची झेरॉक्स ठेवायचा. (त्या रजिस्टरबद्दल मी कधी ब्र काढला नाही, हे पुढच्या गोष्टीसाठी नोंदवून ठेवते. पहाडगंजातल्या हॉटेलांना तेव्हा परदेशी पाहुण्याचा सी फॉर्म भरावा लागत असे. कोण आहोत ते सांगून आत जाण्याची या गल्लीला सवयच आहे.) दीडदोनशे एमबीचं एक दृश्य उतरता उतरता बाजारातली शेवटची चहाची टपरी बंद व्हायची. मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. उतरलं की सीडीवर, आणि सीडीवर मार्करनं तारीख. पुढे लॅन्डसॅट-८ आला तेव्हा एक दृश्य जवळजवळ एक जीबीचं झालं. युरोपचा सेंटिनेल-२ जून २०१५ मध्ये सुटला आणि नेहरू प्लेसहून डिस्क आणणं हा माझ्या घरखर्चातला एक कायमचा रकाना झाला.

या सगळ्यात एक अभिमान होता, तो कशाला लपवू? कोणतं दृश्य घ्यायचं ते मी ठरवायचे. आकाश निरभ्र असलेला दिवस शोधायचे. माझ्या फळीवर आमच्या माणदेशाचा जो साठा होता, तसा दिल्लीत दुसऱ्या कुणाकडे नसेल, अशी माझी समजूत होती आणि बहुधा ती खरीही असावी.

गूगलनं अर्थ इंजिन जाहीर केलं डिसेंबर २०१० मध्ये, कॅनकूनच्या हवामान परिषदेत. कल्पना सरळ होती. साठा इतका मोठा झालाय की तो लोकांच्या घरी पोचवण्यात अर्थ नाही. लोकांनी आपलं गणित साठ्याकडे पाठवावं. पण आत जायला अर्ज होता. नाव काय, संस्था कोणती, कशासाठी हवं आहे. अर्ज वाचला जाणार, मग परवानगी. मला राग आला. अमेरिकी जनतेच्या पैशानं घेतलेली, जगाला मोफत दिलेली चित्रं. त्यांच्यापुढे एका कंपनीनं फाटक लावावं आणि 'कशाला आलात' असं विचारावं?

२०१३ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या चमूनं जगभरच्या जंगलतोडीचा नकाशा 'सायन्स'मध्ये छापला. त्यासाठी लॅन्डसॅटची ६,५४,१७८ दृश्यं अर्थ इंजिनवर तपासली होती. २०१६ मध्ये युरोपियन आयोगाच्या संशोधन केंद्रानं १९८४ पासूनच्या तीसेक लाख दृश्यांतून जगातल्या भूपृष्ठावरच्या पाण्याचा नकाशा केला. लोक थक्क झाले. मी म्हटलं, हे तपासणार कोण? साडेसहा लाख दृश्यं कुणाच्या घरी आहेत? माझा नकाशा निदान माझ्या डिस्कवरून पडताळता येतो. हा मुद्दा मी एका चर्चासत्रात मांडला आणि टाळ्याही मिळाल्या. मला तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई, तुमची डिस्क कुणाच्या घरी आहे.

मत पहिल्यांदा हललं ते काकांच्या फोननं. काका आटपाडीकडे शेती करतात, डाळिंब. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं या दुष्काळी तालुक्यांकडे आणायची योजना आमच्या भागात कैक वर्षं फक्त भाषणात होती. आता पाणी येतं. शिवाय २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत जागोजाग तळी झाली. काकांचा प्रश्न असा होता:

"पोरी, तुझ्या त्या आभाळातल्या फोटूत शेततळ्यात पाणी किती म्हैनं थांबतंय ते दिसतं का गं? आमच्यात दोन गट पडल्यात. एक म्हंतोय टेंभूचं पाणी आल्यापासनं तळी मे-पतोर टिकत्यात. दुसरा म्हंतोय, समदं कागदावर."

मी म्हटलं, दिसतं की. आणि फळीकडे गेले.

माझ्याकडे आटपाडीची जी दृश्यं होती ती बहुतेक सगळी नोव्हेंबरची आणि फेब्रुवारीची. साहजिक होतं. आकाश तेव्हा स्वच्छ असतं. खरिपानंतर एक चित्र, रब्बीत एक चित्र, वर्षाला दोन मिळाली की माझं भागत असे. त्यातून तळी किती, ओलिताखालचं क्षेत्र किती, ते गेल्या वर्षापेक्षा वाढलं की घटलं, हे सगळं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण पाणी किती महिने टिकतं? ते दोन चित्रांतून कधीच सांगता येणार नव्हतं. आणि मला बोचली ती गोष्ट निराळीच. हा प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता. ज्या गावची मी, तिथे माणसं पाण्याचा हिशेब महिन्यात करतात, हेक्टरमध्ये नाही. 'औंदा विहीर फेब्रुवारीत आटली' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. तरी माझे सगळे प्रश्न हेक्टरचे, कारण माझ्या फळीवरच्या चित्रांना तेवढंच विचारता येत होतं. फाइल माझ्या ताब्यात आहे असं मी समजत होते. काय विचारायचं ते मात्र फाइल ठरवत होती.

सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. म्हणजे वर्षाला सत्तरेक दृश्यं, प्रत्येकी पाऊण जीबीच्या आसपास. आजच्या ब्रॉडबँडवर एका तालुक्याची एवढी चित्रं उतरवणं अशक्य नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. हट्टानं मी ते सुरूही केलं होतं. पण काकांच्या दुसऱ्या गटातल्या कुणीतरी लगेच विचारलं, की टेंभूच्या आधी कसं होतं तेही दाखवा, आणि ज्या तालुक्यात टेंभूचं पाणी नाही तिथलंही दाखवा, नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून तळी भरली की योजनेमुळे हे कसं कळणार. संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसानं विचारलेला हा प्रश्न इतका चोख होता, की मी डाउनलोड थांबवलं.

विट्याला राहणारा माझा भाचा कृषी पदवीच्या वर्गात अर्थ इंजिन शिकला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, तू अजून अर्जसुद्धा भरला नाहीस?" त्या 'सुद्धा'त जे काही होतं ते मी गिळलं.

आता तो अर्ज पूर्वीसारखा राहिलेला नाही. आधी गूगल क्लाउडमध्ये एक प्रोजेक्ट उघडायचा, त्यात अर्थ इंजिनची सेवा चालू करायची, मग प्रोजेक्टची नोंदणी करायची: काम व्यावसायिक की अव्यावसायिक. प्रोजेक्टला जो आयडी देता तो साऱ्या जगात एकच असतो आणि पुढे बदलता येत नाही, त्यामुळे गमतीनं 'टेस्ट-टेस्ट' असं काही ठेवू नये. आमच्याकडच्या एका मुलानं ठेवलेलं नाव आता अहवालांत छापावं लागतं. यापलीकडे सुरुवातीला जे काही दिसतं, ते बहुतेक लाल अक्षरांत. 'पर्मिशन डिनाइड.' त्याची कारणं तीनचारच असतात. सेवा चालू केलेली नाही. प्रोजेक्ट नोंदवलेला नाही. ब्राउझरमध्ये दुसरंच गूगल खातं उघडं आहे. हे सगळ्यांत जास्त वेळा. आणि चौथं जरा आडवळणाचं: तुम्हाला प्रोजेक्ट बघायची मुभा दिली आहे, पण त्याच्या नावावर सेवा वापरायची नाही. त्यासाठी 'सर्व्हिस यूसेज कन्झ्युमर' नावाची निराळी भूमिका द्यावी लागते. घरात घेतलं, पण चुलीला हात लावू दिला नाही, अशी ती अवस्था. नवा माणूस इथे हमखास खचतो आणि आपल्याला काही येत नाही असं समजतो. येण्या-न येण्याचा त्यात काही संबंध नाही.

कार्डाचं एक वेगळं प्रकरण. अव्यावसायिक नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण क्लाउडच्या इतर सेवांकडे वळलं की बिलिंगसाठी कार्ड मागतात. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर होणाऱ्या आवर्ती वसुलीला जादा पडताळणीचे नियम लावले; ग्राहकाच्या दृष्टीनं नियम चांगलाच आहे, पण महिन्याच्या महिन्याला बिल कापणाऱ्या परदेशी सेवांशी छोट्या संस्थांच्या कार्डांचं त्यामुळे जमेना. आमचंही एक कार्ड नाकारलं गेलं. बिगक्वेरी या गूगलच्या तक्त्यांच्या सेवेत कार्डाशिवाय सँडबॉक्स, म्हणजे सरावाची मोफत जागा, मिळते: महिन्याला एक टेराबाइटपर्यंत वाचन, दहा जीबी साठवण, आणि साठ दिवसांनी तक्ते आपोआप पुसले जाणार. शिकायला तेवढं पुष्कळ. एक गोष्ट तेवढी तिथे नीट बघावी, डेटासेट कुठल्या प्रदेशात ठेवताय ती. दिल्लीचा प्रदेश २०२१ पासून आहे, म्हणून आपल्याला वाटतं जवळचंच घ्यावं. पण तिथले बरेच सार्वजनिक साठे अमेरिकेत आहेत, आणि दोन प्रदेशांतले तक्ते एकाच प्रश्नात सहजी जोडता येत नाहीत. एकदा निवडलेला प्रदेश बदलताही येत नाही.

पण खरा गुंता झाला तो 'व्यावसायिक की अव्यावसायिक' या रकान्यापाशी, आणि त्याचा तंत्राशी काही संबंध नव्हता. आम्ही संस्था. शिकवतो, अनुदानावर अभ्यास करतो. पण भाडं निघावं म्हणून अधूनमधून एखाद्या कंपनीसाठी पैसे घेऊन नकाशेही करतो. दोन्ही कामं त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच फायली वापरून. डिस्कवरच्या फाइलनं कधी विचारलं नव्हतं की आत्ता तुम्ही कुणासाठी काम करताय. अर्जानं विचारलं, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. चूनामंडीतल्या आमच्या वरच्या मजल्यावर एक अख्खी दुपार त्यावर भांडणात गेली. आवाज इतका चढला की खालचा चामड्याच्या पिशव्यांचा दुकानदार वर येऊन गेला. शेवटी कामांची यादी केली, दोन ढीग केले. मोफत प्रोजेक्टात एकच ढीग गेला. दुसऱ्या ढिगातलं एक काम आम्ही सोडून दिलं, कारण यादी करताना कळलं की ते ज्या गावाविरुद्ध वापरलं जाणार होतं, त्याच गावात आम्ही अनुदानावर काम करत होतो.

'कशाला हवं आहे' या प्रश्नाचा मला दहा वर्षं राग होता. तो प्रश्न विचारायचा अधिकार त्या कंपनीला आहे का, याबद्दल मला अजूनही शंका आहे. पण तो प्रश्न आम्हीच स्वतःला विचारला नव्हता, याबद्दल नाही.

आत गेल्यावरचं काम थोडक्यात. पाणी हिरवा प्रकाश बऱ्यापैकी परत पाठवतं आणि जवळचा अवरक्त जवळजवळ गिळून टाकतं. या दोन पट्ट्यांच्या फरकावरून पाण्याचा निर्देशांक काढतात. तो दर दृश्यावर काढायचा, ढगाळ भाग वगळायचा, महिन्यागणिक मोजायचं. शेततळं योजनेतलं मोठ्यात मोठं म्हणजे तीस मीटर बाय तीस मीटर. लॅन्डसॅटचा एक ठिपका नेमका तेवढाच, त्यामुळे त्यात तळं बहुधा दोनचार ठिपक्यांत वाटलं जाऊन हरवतं. सेंटिनेलचा ठिपका दहा मीटरचा, म्हणून तळ्याच्या वाट्याला नऊ येतात. टेंभूच्या आधीचा काळ बघायला लॅन्डसॅटच हवा, तेव्हा तिथे शेततळी सोडून पाझर तलावांवर भागवावं लागलं.

एक गोष्ट मला चांगलीच हादरवून गेली. पडद्यावर नकाशा लहान केला की अर्थ इंजिन त्या लहान आकारालाच गणित करतं. ठिपके एकमेकांत मिसळतात आणि शेततळी दिसेनाशी होतात. मोठा केला की पुन्हा हजर. म्हणजे कोणत्या मापाला मोजायचं हे आपण लिहून सांगितलं नाही, तर आकडा भलताच येतो. माझ्या फायलींत हा धोका नव्हता. तिथे ठिपका कायम तेवढाच. मी विजयानं भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून तर माप लिहायचं असतं, आत्या." आणि ओळ दाखवली.

पहिला नकाशा काकांना फोनवर पाठवला. प्रत्येक तळ्याला रंग: किती महिने पाणी. काकांनी तो चावडीवर दाखवला आणि संध्याकाळी फोन आला. "ते ओढ्याकडंचं तळं तू मे-पतोर निळं दावलंस. ते तर मार्चपासनं कोरडं हाय. मी रोज तिथनंच जातोय." भाचा मोटारसायकलवर जाऊन बघून आला. तळ कोरडा होता. पण तळाला काळ्या प्लास्टिकचं अस्तर होतं, आणि निर्देशांकाला ते पाण्यासारखं वाटत होतं. त्यानं माझ्या स्क्रिप्टची आपली प्रत केली, अस्तराची ओळखीची तळी घेऊन मर्यादा बदलली, एक जादा पट्टा तपासायची ओळ घातली, पुन्हा चालवलं आणि मला लिंक पाठवली. मी पहाडगंजात बसून त्यानं बदललेल्या ओळी वाचल्या. एका ठिकाणी त्याचं पटलं नाही, मी बदललं, परत पाठवलं.

हे मी याआधी कधी अनुभवलं नव्हतं. माझे नकाशे छापून जायचे, लोक बघायचे, मान डोलवायचे किंवा गप्प बसायचे. चुकीचं तळं दाखवणारं कुणी भेटलंच असतं, तरी ते कुठे चुकलं हे शोधायला त्यांना माझ्या घरी यावं लागलं असतं. 'तपासणार कोण' हा माझा लाडका सवाल मी हॅन्सनना विचारत होते.

आणि मग वडिलांचं आठवलं. दुकानात सोनं कुणाच्या हातात असायचं? गिऱ्हाइकाच्या नाही. सोनं वडिलांच्या मुशीत, वडिलांच्या भट्टीवर असायचं. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसून बघत असे, एवढंच. सगळा व्यवहार त्या स्टुलावर उभा होता. मी त्यातलं मालकीचं तेवढं उचललं आणि स्टूल विसरले.

म्हणून मी आता मुलांना पहिल्या दिवशी प्रोजेक्ट उघडायला लावते. पण माझं सगळंच मत पालटलं असं कुणी समजू नये. भट्टी कुणाची, हा प्रश्न उरतोच. ती परदेशी कंपनीची आहे. मोफत वापराच्या मर्यादा तिनं ठरवायच्या, व्यावसायिक कशाला म्हणायचं ते तिनं ठरवायचं, आणि दोन्ही ती बदलू शकते. सगळा कारभार इंग्रजीत. काकांना परवानगी दिली तरी ते आत जाऊन काय वाचणार? शिवाय माणसं खातं स्वतःच्या नावानं उघडतात. मुलगा नोकरी बदलतो, त्याच्या वैयक्तिक खात्यात ठेवलेले तयार थर त्याच्याबरोबर जातात, संस्थेकडे लिंका राहतात आणि त्या उघडत नाहीत. यावर उपाय आहे, तो कंटाळवाणा आहे: प्रोजेक्ट संस्थेच्या नावावर, मालक निदान दोन, बाकीच्यांना कामापुरतीच मुभा, आणि कुणी गेलं की त्याच दिवशी मुभा काढणं. हे शेवटचं आपल्याला जड जातं. गेलेल्या पोराचं नाव यादीतून काढायचं म्हणजे भांडण झाल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे परिस्थिती बरीच सुधारली आहे, हेही खरं. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची जुनी बंधनं पुष्कळ सैल केली, २०२३ च्या अंतराळ धोरणानं पाच मीटर आणि त्याहून ढोबळ प्रतिमा मोफत खुल्या ठेवायचं ठरवलं. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी संकेतस्थळावरून मी आजही दृश्यं उतरवून घेते, आणि ती माझ्या डिस्कवरच ठेवते. आमच्या संस्थेतले एक ज्येष्ठ सहकारी अजून एकाही प्लॅटफॉर्मवर गेलेले नाहीत. पूर्वी ते माझ्याच बाजूचे होते. आता ते मला फितूर म्हणतात. "ज्या दिवशी मर्यादा कमी होईल, त्या दिवशी काकांना काय सांगणार?" असं ते विचारतात. अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. दर महिन्याचा पाण्याचा नकाशा आम्ही उतरवून ठेवतो. एका तालुक्याचा काही एमबीत मावतो. स्क्रिप्टही साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. म्हणजे आतापर्यंतचं हातचं जाणार नाही. पुढचं कसं चालवायचं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते त्यांना माहीत आहे.

सध्या काम अडलंय ते भलत्याच ठिकाणी. तळ्यात पाणी महिनागणिक किती ते आता दिसतं, पण टेंभूच्या पाण्याच्या कोणत्या आवर्तनानंतर कोणतं तळं भरलं हे जुळवायला आवर्तनाच्या तारखा हव्यात, आणि आमच्या गावच्या फाट्याला पाणी नक्की कधी आलं ते सगळ्यांत नेटकं लिहून ठेवलेलं आहे काकांच्या डायऱ्यांत. भाचा त्या वाचून एका तक्त्यात भरतोय. दोन वर्षांच्या झाल्या, बाकीच्या माळ्यावर आहेत. तक्ता प्रोजेक्टात चढवायच्या आधी काकांनी फोन केला. त्यात पाळी कुणाची होती, कुणी कुणाचं पाणी रात्रीत फिरवलं, हेही लिहिलेलं आहे.

"हे कुणाकुणाला दिसंल, त्ये आधी सांग."

मी म्हटलं, मला आणि भाच्याला, बाकी तुम्ही म्हणाल त्यांना. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी मुभा मागितली आहे. काकांनी दोघांनाही फोनवर विचारलं, कशाला पाहिजे. एकाला दिली. दुसऱ्याला म्हणाले, सुगी झाल्यावर बघू.